स्वरविचार : जपानी पियानो आणि आपला गांधार

गेल्या स्मरणिकेत ह्या सदरात मृदंगाच्या शाईविषयी लिहिले होते. त्यावर अनेक वाचकांनी आस्थेने विचारणा केली. परंतु बहुतेकांचा प्रश्न मृदंगाचा नव्हता. तो होता विजेवर चालणाऱ्या पियानोचा. गेल्या काही वर्षांत हा पियानो मॉरिशसमधील आपल्या भजनमंडळ्यांतून पेटीच्या शेजारी, आणि कित्येक ठिकाणी पेटीच्या जागीच, येऊन बसला आहे. प्रश्न साधारणतः असा : "गुरुजी, हा पियानो कधी उतरत नाही, ह्याला सूर लावावा लागत नाही, असे दुकानदार सांगतो. मग आमच्या वडीलधाऱ्यांचा गळा त्याच्याशी का जुळत नाही? दोष गळ्याचा की यंत्राचा?"

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा असता तर त्याला दोन ओळींत उत्तर देऊन पुढे गेलो असतो. परंतु एका भजनस्पर्धेत माझ्यासमोर घडलेली गोष्ट मनातून जात नाही. सत्तरी ओलांडलेल्या एका आजींनी आपल्या घरात तीन पिढ्या चालत आलेले भजन म्हटले. परीक्षकांनी पियानोची पट्टी दाबून सर्वांसमक्ष सांगितले, "आजी, तुमचा गांधार उतरतो." आजी काही बोलल्या नाहीत. त्यानंतर त्या व्यासपीठावर बसल्याचे मी पाहिले नाही. आपल्या पूर्वजांनी करारावर ह्या बेटावर येताना लिखित स्वरलिपी आणली नव्हती. आणला तो कान. त्या कानाला यंत्राने खोटे ठरवावे की नाही, हे ठरवण्यापूर्वी यंत्राचा स्वर कोठून आला हे पाहिले पाहिजे. आणि त्यासाठी जपानात जाणे भाग आहे. आपल्या मंडळ्यांत दिसणारे बहुतेक पियानो जपानी नावांचे आहेत.

टोकियो आणि ओसाका ह्यांच्या दरम्यान शिझुओका प्रांतात हामामात्सु नावाचे शहर आहे. यामाहा, कावाई आणि रोलंड ह्या तिन्ही वाद्यकंपन्यांची मुख्य कार्यालये आज ह्या एकाच शहरात आहेत. (वाद्ये मात्र पुष्कळदा जपानबाहेरच्या कारखान्यांत तयार होतात.) ह्या साऱ्या उद्योगाचा आरंभ झाला तो एका नादुरुस्त पायपेटीपासून. १८८७ मध्ये तेथील प्राथमिक शाळेतील अमेरिकी बनावटीचा ऑर्गन बिघडला. घड्याळे व वैद्यकीय उपकरणे दुरुस्त करणाऱ्या तोराकुसु यामाहा ह्या कारागिराला बोलावण्यात आले. त्याने वाद्य उघडले, तुटलेल्या कमानी बसवल्या आणि त्याच्या मनाने घेतले की असे वाद्य आपणही करू शकू. हा ऑर्गन म्हणजे आपल्या पेटीचाच थोरला भाऊ : भाता पायाने हलवायचा, स्वर निघतो तो पितळी पत्तीतूनच.

काही महिन्यांत वाद्य तयार झाले. ते दाखवायचे कोणाला? टोकियोच्या सरकारी संगीतशाळेला. तोराकुसु आणि त्याचा सहकारी किसाबुरो कावाई ह्यांनी तो ऑर्गन खांद्यावरच्या काठीला बांधून हाकोनेचा डोंगर ओलांडला आणि सुमारे २५० किलोमीटरची वाट तुडवीत राजधानी गाठली. तेथे निकाल मिळाला तो असा : बांधणी ठीक आहे, परंतु स्वर जुळलेले नाहीत. संगीतशाळेचे प्रमुख इसावा शुजी ह्यांनी त्याला नुसते परत पाठवले नाही. महिनाभर तेथेच ठेवून घेऊन स्वर जुळवण्याचे शास्त्र शिकू दिले. दुसरा ऑर्गन मात्र परदेशी वाद्याच्या तोडीचा ठरला.

हे इसावा शुजी स्वतः हाडाचे शिक्षक, आणि त्यांची गोष्ट आपणांस विशेष जवळची वाटावी अशी आहे. १८७५ च्या सुमारास सरकारने त्यांना शिक्षणशास्त्र शिकण्यासाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात पाठवले. तेथे सर्व विषय जमले, एक गायन जमेना. जपानी लोकगीतांच्या पाच स्वरांवर वाढलेल्या त्यांच्या गळ्यात पाश्चात्त्य सप्तकाचा चवथा व सातवा स्वर काही केल्या बसेना. प्राचार्यांनी ह्या विषयातून सूट देऊ केली. इसावांनी ती नाकारली, बोस्टनमधील संगीतशिक्षक ल्यूथर व्हायटिंग मेसन ह्यांच्याकडे जाऊन ते स्वर घोटले, आणि पुढे १८८० मध्ये मेसन ह्यांनाच जपानात बोलावून शाळांसाठी गाण्याची पुस्तके तयार केली. एका पिढीच्या आत जपानी मुलांचा कान बदलला. एके काळी शिक्षकालाही न लागणारा स्वर मुले सहज गाऊ लागली. ह्यात मिळवले किती आणि गमावले किती, ह्यावर मतभेद होऊ शकतील. शाळेत शिकवलेला स्वर हाच पुढे समाजाचा स्वर होतो, एवढे मात्र निश्चित; म्हणूनच आपल्या सायंवर्गातल्या पियानोकडे मी इतक्या काळजीने पाहतो.

जपानचा जुना स्वर पुरता नाहीसा झाला असे मात्र नाही. राजदरबाराचे गागाकू नावाचे संगीत अद्याप वाजवले जाते. त्यातील शो हे वाद्य म्हणजे बांबूच्या सतरा नळ्यांचा जुडगा; आत धातूच्या पत्त्या असतात आणि शिसे मिसळलेल्या मेणाचा ठिपका पत्तीवर ठेवून तिचा स्वर जुळवतात. आपले पेटीवाले पत्तीचे टोक घासून स्वर चढवतात व मुळाशी घासून उतरवतात, त्याच जातीचे हे काम. ह्या संगीतात पियानोच्या पांढरी सहाचा स्वर सेकंदाला सुमारे ४३० आंदोलनांचा धरतात. जगाचे मान ४४० आंदोलनांचे आहे. ते १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत ठरले. जपानी मैफलींच्या सभागृहांत पियानो ४४२ वर लावण्याचा प्रघात आहे. म्हणजे एकाच देशात एकाच पट्टीला तीन स्वर, आणि तिन्ही आपापल्या ठिकाणी मान्य!

येथे एक आडवळण घेण्याची मुभा वाचक देतील. ह्याच हामामात्सु शहरात ब्राझीलहून आलेली पुष्कळ कुटुंबे राहतात. १९०८ मध्ये 'कासातो मारू' ह्या जहाजातून ७८१ जपानी माणसे करारावर ब्राझीलच्या कॉफीच्या मळ्यांत राबायला गेली. त्यांच्या मागून आणखी जहाजे गेली. १९९० मध्ये जपानच्या कायद्यात बदल झाल्यावर त्यांची नातवंडे-पतवंडे कारखान्यांत काम करण्यासाठी उलट्या वाटेने आली. आजोबांची भाषा त्यांतल्या अनेकांना येत नव्हती, आणि पोर्तुगीज गाणी मात्र तोंडपाठ होती. उसाच्या मळ्यांतून वर आलेल्या आपल्यासारख्यांना ह्याहून अधिक सांगायला नको.

आता मूळ मुद्द्याकडे. पियानोचे सप्तक बारा अगदी सारख्या भागांत कापलेले असते. जपानी भाषेत ह्या पद्धतीला 'हेइकिन-रित्सु' म्हणतात, म्हणजे सरासरीचा स्वरनियम. आणि नैसर्गिक प्रमाणांवर बसवलेल्या स्वरांना 'जुन्सेइ-रित्सु', म्हणजे शुद्ध नियम. नावातच न्याय आला आहे. सारख्या वाटणीचा लाभ असा की कोणत्याही पट्टीला षड्ज मानून वाजवले तरी सर्व अंतरे तीच राहतात. अनेक षड्जांमधून फिरणाऱ्या पाश्चात्त्य संगीताला ही सोय हवी होती. ह्या सोयीची किंमत म्हणजे सप्तकाखेरीज एकही अंतर पुरते शुद्ध राहत नाही.

हिशेब करून पाहू. आपल्या ग्रंथांच्या रीतीप्रमाणे षड्ज २४० आंदोलनांचा धरला, तर शुद्ध पंचम ३६० चा. पियानोचा पंचम निघतो ३५९.६ चा. एवढा फरक कानाला बोचत नाही. मध्यम ३२० च्या जागी ३२०.४, तोही चालून जातो. परंतु गांधार? तंबोऱ्याच्या खरजाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार उमटतो त्याच्या प्रमाणाने तो ३०० चा हवा. पियानो देतो ३०२.४. धैवत ४०० च्या जागी ४०३.६, आणि निषाद ४५० च्या जागी ४५३. हा फरक एका अर्धस्वराच्या सातव्या भागाएवढा झाला. कोणी म्हणेल, एवढ्याने काय होते? खरजाची तार १२० आंदोलनांची असेल तर तिच्यात ६०० चा स्वर आपोआप असतो. पियानोच्या गांधाराचा दुप्पट स्वर ६०४.८ चा. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला जवळजवळ पाच हेलकावे ऐकू येतात. ज्या कानाने आयुष्यभर तंबोरा ऐकला त्याला तो स्वर स्थिर वाटतच नाही. तो आपसूक खाली येऊन ३०० वर विसावतो. आजींचा गांधार पियानोहून उतरलेला होता हे खरे. तो बेसूर होता हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

हे भांडण नवे नाही, आणि जपानी माणसालाही ते अपरिचित नव्हते. आवाजी बेटावर १८६२ मध्ये जन्मलेले तानाका शोहेइ हे भौतिकशास्त्राचे विद्यार्थी. १८८४ मध्ये ते जर्मनीस गेले आणि बर्लिनमध्ये थोर शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ ह्यांच्या हाताखाली त्यांनी शुद्ध स्वरांचा अभ्यास केला. १८९० मध्ये त्यांनी त्यावर प्रबंध प्रसिद्ध केला व एक वाद्यही घडवले : सप्तकात बाराहून पुष्कळ अधिक स्वर असलेली, शुद्ध अंतरे वाजवणारी पायपेटी. प्रसिद्ध वाद्यवृंदसंचालक हान्स फोन ब्यूलो ते ऐकून प्रसन्न झाले. शाळेचा ऑर्गन जुळवायला शिकून तोराकुसु यामाहा कारखाना उभारत होता, त्याच सुमारास दुसरा जपानी माणूस त्या ऑर्गनच्या स्वरांचीच उलटतपासणी करत होता!

महाराष्ट्रात वीस वर्षांनी हेच घडले. कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी १९१० मध्ये पुण्यास बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार घेऊन त्यांनी स्वरांची मापे घेतली होती. सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स ह्यांनी ते काम पुढे नेले आणि श्रुतींची पेटी करवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर कडाक्याचा वाद झाला, आणि पंडित भातखंडे विरोधकांत होते. पुढे १९४० पासून सुमारे तीन दशके भारताच्या नभोवाणीवर पेटीलाच बंदी होती, आणि तीत तिच्या ठोकळ स्वरांचा आक्षेप होताच. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक ह्यांनी खुंट्या ओढून बावीस श्रुती वाजवता येतील अशी पेटी सिद्ध केली आहे. थोडक्यात, पितळी पत्तीच्या पेटीला जे साधण्यासाठी एवढा खटाटोप लागला, ते विजेच्या पियानोत दोन-चार बटणांनी साधते. कारण त्यात पत्ती नाही की तार नाही, स्वर गणिताने तयार होतो. खेदाची गोष्ट एवढीच की ही सोय पियानोत असते हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा माहितीपुस्तिका उघडत नाही.

सोयी दोन आहेत आणि त्या परस्परांपासून निराळ्या आहेत. पहिली, सबंध वाद्य किंचित चढवणे वा उतरवणे. तिला 'मास्टर ट्यूनिंग' असे नाव असते. यामाहाच्या पुष्कळ नमुन्यांत पांढरी सहाचा स्वर ४१४.८ पासून ४६६.८ पर्यंत हलवता येतो, रोलंडमध्ये ४१५.३ पासून ४६६.२ पर्यंत. म्हणजे दोन्हीकडे साधारण एकेक अर्धस्वर. आपल्या मंडळ्यांतील जुन्या पेट्या बहुधा ४४० वर नसतात. आमच्या गावची पेटी ४४६ च्या आसपास बोलते. ती पियानोबरोबर वाजली की सेकंदाला सहा हेलकावे येतात, आणि मग झांजांच्या गोंगाटात सगळे झाकून नेण्याचा मोह होतो. पेटी घासत बसण्याचे कारण नाही. दोन्ही वाद्यांची पांढरी सहा एकदम दाबून धरावी आणि पियानोचा आकडा थोडाथोडा वाढवीत जावे. हेलकावे मंदावत मंदावत थांबले की दोन्ही एक झाली. हे करताना पियानोचा आवाज न घेता ऑर्गनचा घ्यावा. तो टिकून राहतो. शिवाय खऱ्या पियानोच्या तारा ताठ असल्यामुळे त्यांचे वरचे स्वर जरा चढे लावण्याची रीत आहे, तिची नक्कल पियानोच्या आवाजात असू शकते आणि कान फसतो.

दुसरी सोय अधिक मोलाची. हिला कोठे 'टेम्परामेंट' तर कोठे 'स्केल ट्यून' म्हणतात. कारखान्यातून वाद्य येते ते 'इक्वल' ह्या खुणेवर. त्याऐवजी 'प्युअर मेजर' किंवा 'जस्ट मेजर' निवडले की गांधार, धैवत व निषाद खाली येऊन वर सांगितलेल्या ३००, ४०० व ४५० च्या जागी बसतात. 'पायथागोरियन' हा पर्याय केवळ पंचमांच्या साखळीवर रचलेला आहे. त्यातला गांधार पियानोहूनही चढा असतो. तो आपल्या कामाचा नाही, गागाकूवाल्यांना मात्र परिचित वाटेल.

परंतु येथे एक खड्डा आहे. पर्याय निवडला म्हणजे काम झाले असे नाही. षड्ज कोणता, हेही वाद्याला सांगावे लागते. त्यासाठी 'बेस नोट' किंवा 'बेस की' अशी खूण असते आणि ती पांढरी एकवर असते. समजा ती तशीच ठेवली आणि गायक पांढरी दोनमध्ये गाऊ लागला. पांढरी एक २४० ची, तर पांढरी दोन २७० ची झाली. तिचा पंचम ४०५ चा हवा, पण पांढरी सहा आता ४०० वर उतरलेली आहे. पंचमच पाच आंदोलनांनी उतरला! ह्यापेक्षा कारखान्याचे सरासरी सप्तक शतपटीने बरे. म्हणून आधी गायकाचा षड्ज विचारावा. पुरुष काळी एकमध्ये गात असतील तर पाया काळी एक. बायका काळी चार वा पाचमध्ये गात असतील तर पाया तो. गायक बदलला की पायाही बदलावा. झाकरीचा म्होरक्या ज्या सुरात उठेल त्या सुरात वाद्याने जावे हा आपला जुना क्रम. हल्ली मुले पांढरी एक दाबून "काका, इथून गा" म्हणतात ते मला मुळीच रुचत नाही. साठ वर्षांच्या माणसाचा गळा बटणाने बदलत नाही, आणि पियानोचा षड्ज बदलतो.

आता हेही सांगितले पाहिजे की ह्या मार्गाने रागसंगीताचे सर्व प्रश्न सुटत नाहीत. पट्टीला स्वर एकच, गळ्याला मींड असते. धैवत ४०० चा घेतला की तो गांधाराशी व मध्यमाशी गोड लागतो, पण २७० च्या रिषभाशी त्याचे जमत नाही. भातखंड्यांनी धैवत ४०५ चा मानला तो ह्या रिषभाचा पंचम होतो. दोन्ही बाजूंना आधार आहे. आपल्या भजनांच्या चालींत कोणता धैवत गातात हे पुस्तकावरून न ठरवता म्हाताऱ्या गायकांच्या तोंडून ऐकून ठरवावे. कावाईच्या काही नमुन्यांत बाराही स्वर एकेक करून आपल्या मनाप्रमाणे बसवून ठेवता येतात. असे वाद्य ज्या मंडळीकडे असेल त्यांनी एक संध्याकाळ त्यासाठी काढावी : आजीला मध्ये बसवावे, तंबोरा छेडावा, तिने गांधार धरावा आणि मुलांनी आकडा हलवीत तो गाठावा. मुलांना ह्यात खेळाचा आनंद मिळतो, हे मी वर्गात पाहिले आहे. आणि स्पर्धेच्या संयोजकांस एक विनंती : परीक्षकांपुढे तंबोरा ठेवा, पियानो नको.

तबल्याची वा मृदंगाची शाई ज्या षड्जाला मिळवलेली असेल तोच आकडा पियानोत घ्यावा, हे वेगळे सांगायला नको. काही वाद्ये बंद केली की सारी मांडणी विसरून पुन्हा ४४० व 'इक्वल' वर जातात. तेव्हा मंडळीचा आकडा, पाया आणि पर्याय एका जाड कागदावर लिहून तो झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवावा, म्हणजे उत्सवाच्या रात्री वाजवणारा बदलला तरी अडचण होत नाही. जपानातून जुना वापरलेला पियानो मागवला असेल, तर त्याच्या पाठीमागचा विजेचा आकडा आधी वाचावा. तिकडच्या घरांतील वीज १०० व्होल्टची आहे, आपली २३० ची; ट्रान्सफॉर्मर न लावता तो भिंतीला जोडला तर सूर लावण्याचा प्रश्नच उरणार नाही.